यादीत नसलेला शब्द

अंबडच्या बसस्टँडवरच्या चहावाल्यानं एकदा मला चक्क हात जोडले. मी म्हटलं, काय झालं दादा? तर म्हणाला, "ताई, चहाचे पैसे देऊ नका, पण इथं उभ्या राहून बोलू नका. गिऱ्हाईक दचकून राह्यलं." मी हसले. त्यालाही हसू आलं, पण हात काही त्यानं खाली घेतले नाहीत.

त्याचं चुकत नव्हतं. त्या दिवसांत माझा आवाज कानावर पडला की माणसं हातातलं काम थांबवायची. कोण गेलं हे कळेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. पूर्वी शाळांच्या बक्षीस समारंभांना सूत्रसंचालनासाठी मला बोलावणी यायची, ती बंद झाली. एका मैत्रिणीनं नातवाच्या बारशाला बोलावलं आणि मागाहून फोन करून सांगितलं, "ये गं नक्की, पण नाव पुकारायला तू नको." असा राग आला मला! गेलेच नाही मी.

मी रेडिओवाली. मोठ्या सरकारी केंद्रावरची नव्हे. अंबडमध्ये एका संस्थेच्या गच्चीवर छोटा टॉवर आणि खाली जाड पडदे लावलेल्या दोन खोल्या, एवढ्या केंद्रावरची. दुपारी बायकांचा कार्यक्रम, संध्याकाळी मोसंबीचे आणि रेशीम कोषांचे भाव, मधेमधे लसीकरण, शाळाप्रवेश, हरवलेल्या बैलाची खबर. टॉवरचा आवाज जेमतेम जवळपासच्या गावांपर्यंत जायचा. माझं माहेर कुंभार पिंपळगाव, तिथं तो पोचायचाच नाही. मायनं माझा कार्यक्रम वर्षानुवर्षं ऐकलाच नव्हता. "तू लई चांगलं बोलती म्हणतेत लोकं," एवढंच ती म्हणायची.

माइकवर मी नुसती 'ताई'. पहिल्याच दिवशी व्यवस्थापक म्हणाले होते, "आडनाव कशाला, ताई पुरे. आपलेपणा वाटतो." मला ते बराबर वाटलं. बाकीच्या दोन निवेदकांची आडनावं मात्र रोज जात होती. हे माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले, आणि ध्यानात आल्यावरही मी काही बोलले नाही. नोकरी नवी आहे, मुलं लहान आहेत, असं मी स्वतःला सांगत राहिले.

मग हातोहाती फोन आले आणि आमची फजिती सुरू झाली. बियाणांची दुकानं, साड्यांची दुकानं आम्हाला जाहिरात द्यायची. आता दुकानदार स्वतःच फोन समोर धरून बोलायला लागले, आणि खरं सांगायचं तर बरं बोलायला लागले. भाव तर आम्ही सांगायच्या आधीच शेतकऱ्याच्या खिशात. बाहेरगावहून कुणी ना कुणी लॅपटॉप घेऊन यायचं आणि पडद्यावर चित्रं दाखवून आम्हाला सांगायचं, बदला, नाहीतर संपाल. अहो, पण कसं बदलायचं ते सांगा की! आम्ही तासाच्या कार्यक्रमाचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले. अ‍ॅप काढलं. गावोगावचे व्हॉट्सअ‍ॅप गट केले. भाजीची कृती टाकली, डॉक्टरांची मुलाखत टाकली. लोक अंगठा दाखवायचे आणि पुढं जायचे.

चाललं ते एकच, 'दुःखद वार्ता'. पूर्वी आम्ही त्या संध्याकाळी भावांनंतर वाचायचो. आता घरटी एखादा पुण्यात, एखादा जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात, एखादी सुरतेला दिलेली. कुणी गेलं की सगळ्यांना जल्दी कळवायचं असतं, आणि घरातल्या माणसाला तेव्हा बोलवत नसतं. आम्ही वार्ता आवाजात तयार करून फोनवर पाठवू लागलो. वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ती कळायची. लोक आनंदानं नव्हे, पण खळखळ न करता तिचे पैसे द्यायचे. केंद्राचा खर्चा त्यावर निघू लागला. आवाज माझा होता, कारण बाकीचे दोघे तोवर नोकरी सोडून गेल्ते.

ही वार्ता वाचायला वाटतं तितकी सोपी नाही. नाव-गाव कुणीही वाचेल. गेलेल्या माणसाच्या नावाआधी जो शब्द लागतो, तिथं खरी मेख. कुणाच्या घरी कैलासवासी, माळकऱ्याच्या घरी वैकुंठवासी, मुसलमानाच्या घरी मरहूम, राजस्थानातून येऊन इथलेच झालेल्या जैन व्यापाऱ्यांकडे देवलोकवासी. आमच्या बौद्ध घरांत कालकथित. काळानं सांगितलेला, बस. त्याला ना कैलास, ना वैकुंठ.

हा शब्द चुकला की काय होतं ते मी घरात पाहिलं होतं. माझे वडील शिक्षक. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, देव्हारा नाही. पहाटे त्रिशरण पंचशील, मग चहा. वडील गेले तेव्हा त्यांच्या शाळेनं फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं, 'कैलासवासी गुरुजींना श्रद्धांजली'. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. हाताला सवय असते तसं लिहिलं गेलं. माय मात्र तेरा-चौदा दिवस कुणाशी धड बोलली नाही. मग एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "जल्मभर माणूस एका वाटंनं चालला, आन् शेवटाला यांनी त्याला दुसऱ्याच गावाच्या गाडीत बसवलं." ती रडली नाही. तिची भाकरी मात्र करपली.

अ‍ॅप आल्यावर धाकट्या भावजयीनं मायच्या फोनवर ते घालून दिलं आणि माय जन्मात पहिल्यांदा माझा आवाज ऐकू लागली. कार्यक्रम नव्हे हो, वार्ताच! रोज सकाळी चहा झाला की ओट्यावर बसून जिल्ह्यातली मेलेली माणसं ऐकायची. मी माहेरी गेले की तिचं सुरू, "त्या अमक्या गावच्या बाईला तू हळू घेतलंस, बराबर केलंस. तिला लेकरू न्हवतं." मला कसंतरी व्हायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "माय, दुसरं काही ऐक ना." तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "माझं तू वाच. दुसऱ्या कुणाला वाचू देऊ नको. आन् शब्द बराबर घाल." मी म्हटलं, वाचीन. तिनं पुन्हा विचारलं, "बिलकुल?" मी म्हटलं, बिलकुल.

त्यानंतरच्या वर्षी वार्ता इतक्या वाढल्या की मी जेवायला उठले तरी दोन-तीन साचायच्या. आमच्याकडं संगणकाचं बघणारी एक बाई होती, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, डोक्यानं तल्लख. तिनं युक्ती काढली. मी एकदाच सगळे शब्द सुटे सुटे म्हणून ठेवायचे. घरच्यांनी फोनवर अर्ज भरला की संगणक ते जोडून दहा मिनिटांत वार्ता पाठवील. मी आजारी असले, रजेवर असले, तरी काम अडायचं नाही. बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग आम्ही बसलो. पंधरवडाभर रोज दोन तास. आधी गावं. मग नाती. मातोश्री, वडील, पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे. मग तारखा, वेळा, स्मशानभूमी, शेतात, राहत्या घरी. आणि मग नावं. मतदारयादीसारखी लांबच लांब यादी तिनं काढून आणली होती. जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या जिवंत माणसांची नावं मी दुःखाच्या सुरात म्हणून ठेवली. माझ्या नवऱ्याचं आलं. माझ्या मुलांची आली. माझं स्वतःचं आलं, तेव्हा ती काचेपलीकडून म्हणाली, "ताई, हे गाळू का?" मी म्हटलं, गाळतेस कशाला, मी काय इथं कायमची राहणारे? आणि म्हटलं. त्या दिवशी घरी जाताना रस्त्यात जो भेटेल त्याचं नाव मला माझ्याच आवाजात ऐकू येत होतं. भाजीवाली, रिक्षावाला, शेजारची मुलगी. मी मान खाली घालून चालत गेले.

शेवटच्या दिवशी नावाआधीच्या शब्दांची यादी आली. पहिला कैलासवासी, मग वैकुंठवासी, मरहूम, देवलोकवासी. आमचा शब्द त्यात नव्हता. मी थांबले. ती म्हणाली, "काही राहिलं का ताई?" खोलीत व्यवस्थापक होते, संस्थेचे दोघं जण होते. आता वाटतं, थोडा संकोचही असेल; पण तेव्हा माझ्या मनात दुसरंच आलं. वाटलं, आमच्या लोकांची वार्ता यंत्राला कशाला द्यायची? ती मी स्वतः वाचीन. एकेक, हातानं, बसून. मी म्हटलं, "एक आहे, पण तो राहू दे. तशी वार्ता आली की मला सांगत जा."

ती सांगत गेली. वर्षभर मी तो शब्द एकदाही यंत्राला दिला नाही. बौद्धवाड्यातलं कुणी गेलं की मी हातातलं टाकून पडदे ओढून घ्यायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचायची. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी सकाळी थोरल्या भावाचा फोन आला. "मायला जरा जास्त झालंय. निघून ये." आमच्याकडं बाहेरगावच्या लेकीला फोनवर मरण सांगत नाहीत. जास्त झालंय म्हणतात. वाटेत ती एकटी असते, प्रवासात तिला काही होऊ नये म्हणून. सगळ्यांना याचा अर्थ माहीत असतो आणि ज्याला सांगितलं जातं तो माणूस तो अर्थ दाराबाहेर ठेवून गाडीत बसतो. मीही तशीच बसले. संगणकवाल्या बाईला निरोप दिला की मी माहेरी चाललेय, एवढंच. पिशवीत मायसाठी दोन मोसंब्या टाकल्या. सोलून रस काढू म्हटलं, तोंडाला चव येईल.

एसटी भरलेली. घनसावंगी मागं पडलं होतं. माझ्या शेजारी मांडीवर लेकरू घेतलेली एक बाई होती. तिच्या फोनवर टिंग वाजलं आणि तिनं दाबलं. माझा आवाज आला. बाई सवयीनं गप्प झाली, पुढच्या सीटवरचा म्हातारा मागं वळला. मीही ऐकू लागले, कोण गेलं म्हणून.

गाव कुंभार पिंपळगाव. पुढं कैलासवासी. पुढं माझ्या मायचं नाव.

वडिलांचं नाव, आडनाव. राहत्या घरी, वृद्धापकाळाने, आज पहाटे. "त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे." एक मुलगी, असं मीच म्हणत होते, शांतपणे, कुठंही न अडखळता. शेजारची बाई हळहळली, "सुटली बिचारी. वाचणारी बाई मात्र कशी दगडासारखी वाचून राह्यली, न्हाई का?" मी तिच्याकडं बघितलं. तोंडातून शब्द फुटला असता तर तिनं मला ओळखलं असतं. म्हणून मी नुसती मान हलवली.

नंतर कळलं ते असं. धाकट्या भावानं अर्ज भरला होता. त्याला वाटलं, अर्ज माझ्याकडंच जाणार, ताई वाचणार. मी बसमध्ये असेन हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. शब्द त्यानं बराबर भरला होता, कालकथित. एरवी असा अर्ज दिसला की संगणकवाली बाई तो हातानं अडवून मला द्यायची; त्या सकाळी ती केंद्रावर यायच्या आधीच अर्ज येऊन पडला. यंत्रानं तो आपल्या यादीत शोधला. मिळाला नाही, तेव्हा यादीतला पहिला घेतला आणि दहा मिनिटांत वार्ता सोडून दिली. वर फोनवर अक्षरं त्याची गेली आणि आवाज माझा. म्हणजे लिहिलेलं कालकथित, आणि त्याच्याखाली मी म्हणतेय कैलासवासी.

दारात पोचले तर बायका बसलेल्या. कुणी उठून गळ्यात पडलं नाही. मायच्या चेहऱ्यावरची चादर बाजूला करायला मी वाकले तर आत्या म्हणाली, "थांब." सगळ्यांसमोर म्हणाली. "भावानं बराबर लिहून देल्तं. तू वाचताना बदललंस. तुझ्या रेड्यूवाल्यांची भीती वाटली का? आडनाव तर तू कधी सांगितलंच न्हाई तिथं. आता मायलाबी लपवलीस?"

मी म्हटलं, "आत्या, मी वाचलं नाही. मी बसमध्ये होते." ती म्हणाली, "तुझाच आवाज हाय की." मी म्हटलं, यंत्र आहे, तुकडे जोडतं. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. आणि खोटं असतं तर मी भांडले असते, माझी जीभ काही कमी चालत नाही. पण आडनावाचं खरं होतं.

मी मायजवळ बसले. मला तिच्या कानात म्हणायचं होतं, तिची वार्ता, पहिल्यापासून, तिला पाहिजे होती तशी. तिच्या कानाशी वाकले, पण पहिला शब्दच निघेना. विहारातून भन्तेजी आले, वंदना झाली, सगळ्यांनी हात जोडून म्हटलं, मी नुसते ओठ हलवले. अंगणात कुणाच्या तरी फोनवर ती वार्ता परत वाजली आणि कुणीतरी झटकन बंद केली.

जलदान विधी, म्हणजे आमच्यातलं दिवसांचं कार्य, होईपर्यंत मी माहेरी राहिले. त्या दिवसांत ती वार्ता सुरतेला गेली, पुण्याला गेली, नात्यातल्या सगळ्या गटांवर फिरली. दुरुस्त वार्ता केंद्रानं माफीसह पाठवली, भावाच्या अक्षरात, आवाजाशिवाय. ती कुणी पुढं पाठवली नाही. पुण्याच्या भाचीनं मला कळवलं, "आत्या, आजीची बातमी तुझ्या आवाजात मी जपून ठेवलीय."

परत आले ती तावातावानंच. व्यवस्थापकांना म्हटलं, माझा सगळा आवाज पुसून टाका, आत्ताच्या आत्ता. ते म्हणाले, पुसतो, तुमचा हक्क आहे. वार्ता बंद म्हणजे केंद्र बंद, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला माहीत होतंच. संगणकवाली बाई एवढ्यात खाली बघून म्हणाली, "ताई, माझीच चूक. शब्द नसला तर यंत्रानं थांबायला पाहिजे होतं, मी पहिला घ्यायला सांगून ठेवला होता." मी म्हटलं, तुझी कशी? तू विचारलं होतंस, काही राहिलं का. मी राहू दे म्हटलं. सगळ्यांच्या पंगतीला माझ्या लोकांचं ताट मीच मांडू दिलं नाही. आणि मग मी व्यवस्थापकांना, इतक्या वर्षांनी, माझं आडनाव सांगितलं. त्यांना ते माहीत होतं, अर्थातच. मी म्हटलं, उद्यापासून कार्यक्रमात ते जाईल. ते म्हणाले, "जाईल." बस, एवढंच होतं ते! एवढ्यासाठी मी इतकी वर्षं गप्प बसले.

आवाज पुसायचं मी परत काढलं नाही; अर्जात बदल केला. शब्द यादीत नसेल तर यंत्र आता थांबतं आणि माणसाला बोलावतं. आणि राहिलेला शब्द भरायला मी पडद्याच्या खोलीत जाऊन बसले.

एकच शब्द. पंधरवड्यात हजारो म्हटले होते मी. तोंड उघडलं आणि मधेच आवाज चिरला. पुन्हा घेतला, पुन्हा तिथंच. पाणी प्यायले, उभी राहिले, खोलीत फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी घेतला, तिसऱ्या दिवशी घेतला. चौथ्या दिवशी ती बाई हेडफोन काढून आत आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "ताई, यातलाच एक ठेवते मी. चालंल?" मी म्हटलं, यंत्राचं सगळं सपाट आहे, त्यात हा एकच असा रडका कसा दिसेल? ती म्हणाली, "दिसू द्या."

तोच ठेवलाय. जिल्ह्यात आमच्या समाजातलं कुणीही गेलं की संगणक तो उचलतो. गाव सरळ येतं, तारीख सरळ येते, आणि नावाच्या आधी माझा आवाज फाटतो. मी घरी कुकर लावत असते, बाजारात असते, आणि कुठंतरी मी रडत असते. मला फोन येईपर्यंत कुणासाठी ते कळतही नाही.

गेल्या महिन्यात पिंपळगाव रेणुकाईकडच्या एका माणसाचा फोन आला. बाप गेल्ता त्याचा. म्हणाला, "ताई, माझा बाप जल्मभर लोकाच्या शेतात राबला. त्याचं नाव घेताना तुम्ही रडलात, सगळ्या गावानं ऐकलं. आमच्या माणसासाठी रेडिओवर कुणी रडंल असं आम्हाला वाटलं न्हवतं." मग त्यानं विचारलं, "तुमची वळख होती का त्याची?"

यंत्राचं सगळं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

"हो," मी म्हटलं. "चांगली ओळख होती."